चिप्सची नवी चव बाजारात येते, तेव्हा पाकिटात नेमकं नवीन काय असतं?

वारज्यात गणपती माथ्याच्या आसपासच्या कुठल्याही किराणा दुकानासमोर उभे राहा. काउंटरच्या वर पाच आणि दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या दिसतील. निळं, हिरवं, लाल, पिवळं. त्यात एखादं अनोळखी रंगाचं पाकीट दिसलं की शाळेतून येणारी पोरं, कर्वेनगरच्या कॉलेजांतून परतणारे विद्यार्थी आणि बायपासवरच्या ट्रॅफिकमधून सुटून घरी चाललेले नोकरदार एकच प्रश्न विचारतात, "काका, हे नवीन आलंय का?"

काका "हो" म्हणतात. पण त्या पाकिटात नेमकं काय नवीन असतं?

प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर काय छापायचं, या मुद्द्यावर देशात गेली काही वर्षं वाद सुरू आहे. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. आणि त्या वादाचं मूळ समजून घ्यायचं असेल, तर सुरुवात या नव्या चवीपासूनच करावी लागते.

चव बदलते, वेफर बदलतो का?

पुणेकर याला अजूनही चिप्सपेक्षा 'वेफर्स' जास्त म्हणतात. कॅम्पातल्या बुधानींच्या दुकानात वजनावर वेफर्स घेतलेल्या पिढीला हा शब्द सवयीचा आहे. आता तर बड्या कंपन्याही पाकिटावर 'वेफर स्टाइल' असं छापून विकू लागल्या आहेत.

कारखान्यात हे वेफर्स कसे बनतात, ते थोडक्यात पाहू. बटाटे धुतले, सोलले आणि कापले जातात. चकत्यांवरचा स्टार्च धुऊन काढतात. मग त्या गरम तेलातून जातात. तळून निघालेला वेफर एका फिरत्या ड्रममध्ये पडतो आणि तिथे त्याच्यावर मसाल्याची पूड भुरभुरली जाते. पृष्ठभागावर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे पूड चिकटते. नंतर वजन होतं, पाकिटात नायट्रोजन भरला जातो आणि पाकीट बंद होतं.

पाकिटातल्या 'हवे'वर भरपूर विनोद होतात. पण ती साधी हवा नसते. ऑक्सिजन राहिला तर तेल खवट होतं, म्हणून नायट्रोजन भरतात. शिवाय त्या फुगवट्यामुळे वेफर्सचा चुरा होत नाही.

नवी चव आणायची म्हटली की या साखळीतला मुख्यतः एकच टप्पा बदलतो. ड्रममधली पूड. बटाटा, तेल, तळण्याची यंत्रं आणि पॅकिंग सहसा तेच राहतं. पाकिटावरची छपाई तेवढी नवी येते.

म्हणजे नवी चव हा बहुतेक वेळा नवा पदार्थ नसतो. जुन्या पदार्थाला दिलेला तो नवा वास, नवा आंबटपणा किंवा नवा तिखटपणा असतो. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर 'आमच्याकडे काहीतरी नवीन आहे' हे सांगण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

चव लावायची ही कल्पना आली कुठून?

सुरुवातीला वेफर्स अळणीच विकले जायचे. इंग्लंडमध्ये स्मिथ्स कंपनीच्या पाकिटात मिठाची छोटी पुडी असायची. ती आपण उघडायची आणि मीठ टाकून पाकीट हलवायचं.

आयर्लंडमध्ये जो मर्फी नावाच्या उद्योजकाने १९५४ मध्ये 'टेटो' ही कंपनी काढली. तिथे कारखान्यातच मसाला लावायचं तंत्र विकसित झालं आणि चीज-कांद्याची चव बाजारात आली. आज ज्याला आपण 'फ्लेवर' म्हणतो, त्या धंद्याची सुरुवात साधारण तिथून धरली जाते.

भारतात पेप्सिकोने नव्वदच्या दशकात लेज आणलं. नंतर २००० मध्ये अंकल चिप्सही त्यांच्याकडे गेलं. लेजच्या इथल्या चवींची नावं जरा नीट वाचा. 'अमेरिकन स्टाइल क्रीम अँड अनियन', 'स्पॅनिश टोमॅटो टँगो', 'इंडियाज मॅजिक मसाला'. एकाच कारखान्यातला बटाटा, पण एका पाकिटावर अमेरिका, दुसऱ्यावर स्पेन आणि तिसऱ्यावर आपलं घर. दहा रुपयांत परदेशवारी. चव विकताना कंपनी एक गोष्टही विकत असते, ती अशी.

याचा सगळ्यात ठळक नमुना २००९-१० मध्ये दिसला. लेजने लोकांकडूनच चवीच्या कल्पना मागवल्या. विजेत्याला ५० लाख रुपये आणि त्या चवीच्या विक्रीतला एक टक्का, असं बक्षीस होतं. अंतिम फेरीतल्या चार चवी बाजारात उतरवून मतदान घेतलं गेलं आणि 'मस्ताना मँगो' जिंकली. चक्क आंब्याच्या चवीचे वेफर्स! त्याआधी ब्रिटनमध्ये याच समूहातल्या वॉकर्सने अशीच स्पर्धा घेतली होती. तिथे 'बिल्डर्स ब्रेकफास्ट' ही नाश्त्याची चव जिंकली.

लोकांनी मतदान करून निवडलेल्या या दोन्ही चवी कायमच्या टिकल्या नाहीत. खारे, मसाला आणि कांद्याचे वेफर्स मात्र आजही माळेवर आहेत. यातून एक गोष्ट लक्षात येते. नवी चव वर्षानुवर्षं चालावी, अशी कंपनीचीही सक्ती नसते. तुम्ही दुकानासमोर थांबलात, पाकिटाकडे पाहिलंत आणि एकदा घेऊन पाहिलंत, एवढ्यावर तिचं बरंचसं काम होऊन जातं.

मग बटाटा तोच का राहतो?

कारण बटाटा बदलणं सोपं नाही. घरी वाळवण करणाऱ्यांना हे माहीत असतं. कोल्ड स्टोरेजमधला बटाटा तळला की तो लाल पडतो. थंडीत साठवल्यावर बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ती करपते. म्हणून वेफर्सला कमी साखरेचा, कमी पाण्याचा आणि आकाराने सारखा बटाटा लागतो.

असा बटाटा पुणे जिल्ह्यातही पिकतो. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार खरिपातल्या बटाट्यासाठी ओळखलं जातं आणि तिथले शेतकरी वेफर्स कंपन्यांसाठी करार शेती करत आले आहेत. पेप्सिकोचा वेफर्सचा एक मोठा कारखाना शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे. पाकिटावर स्पेनचं नाव असलं, तरी आतला ऐवज वारज्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावरचा असू शकतो.

या बटाट्यावरून देशात मोठी कायदेशीर लढाईही झाली. पेप्सिकोने 'एफसी-५' या वाणाचे हक्क नोंदवले होते. हा वाण परवानगीशिवाय लावला म्हणून कंपनीने २०१९ मध्ये गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे ठोकले. त्यातल्या चौघांकडून प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली होती. देशभर ओरड झाल्यावर मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले.

प्रकरण तिथे संपलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये पीक वाण संरक्षण प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने हा निर्णय कायम ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठाने मात्र कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

ज्या गोष्टीसाठी कंपनी पाच वर्षं कोर्टात लढली, ती गोष्ट बटाटा होती. पण पाकिटावर मोठ्या अक्षरात त्या वाणाचं नाव नसतं. मोठ्या अक्षरात असते ती चव.

एवढ्या चवी हव्यात कशाला?

याचं एक उत्तर आपल्या जिभेत आहे. एकच चव खात राहिलो की तिचा कंटाळा येऊ लागतो, पण दुसरी चव समोर आली की खाण्याची इच्छा परत होते. जेवण पोटभर झालेलं असतानाही गुलाबजामाला जागा सापडते, ती यामुळेच. आहारशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात यावर प्रयोग केले. समोर वैविध्य असलं की माणूस जास्त खातो, असं त्यांना आढळलं.

आता हे माळेला लावून पाहा. एकाच रंगाची वीस पाकिटं लटकली असती, तर आपण एक घेतलं असतं. सहा रंगांची असली की 'हे पण एक द्या' तोंडातून निघतं.

दुसरं उत्तर किमतीत आहे. पाच, दहा आणि वीस रुपये हे ठरलेले टप्पे आहेत. मुलाच्या हातात दहाची नोट असते, त्यामुळे पाकीट अकरा रुपयांचं करणं कंपनीला परवडत नाही. खर्च वाढला की किंमत तीच ठेवून वजन कमी केलं जातं. नवी चव येते तेव्हा तिच्या पाकिटाचं वजन जुन्या चवीइतकंच आहे का, हे क्वचितच कुणी पाहतं.

यासाठी एक सोय आहे. वेष्टनावर एका ग्रॅमची किंमत छापण्याचा नियम आहे. अक्षर बारीक असतं, एमआरपीच्या जवळपास शोधावं लागतं, पण दोन पाकिटांची तुलना करायला याहून सरळ साधन नाही.

पाकीट उलटं केल्यावर काय दिसतं?

पुढच्या बाजूला रसरशीत टोमॅटो, मिरची, कोथिंबीर. मागच्या बाजूला घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. बटाट्याच्या वेफर्समध्ये बहुतेकदा क्रम असा असतो : बटाटा, खाद्यतेल, मग मसाला. भारतात हे तेल बऱ्याचदा पामोलिन असतं. पामोलिनऐवजी सूर्यफूल आणि पामोलिनचं मिश्रण वापरून पाहत असल्याचं पेप्सिको इंडियाने २०२४ मध्ये सांगितलं होतं.

मसाल्याच्या कंसात काही आकडे दिसतात. त्यातले नेहमीचे असे :

- ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबातलं. २९६ म्हणजे मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदातलं. 'चटपटीत'पणा बराचसा यांच्यातून येतो.
- ६२७ आणि ६३१ हे चव वाढवणारे घटक. स्वतःची ठळक चव नसते, पण खारट-मसालेदार चव तोंडात भरून राहते ती यांच्यामुळे.
- माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासून केलेली पूड. मसाला सगळीकडे सारखा पसरावा म्हणून ती वापरतात.

हे आकडे दिसले की घाबरून जायचं कारण नाही. हे घटक परवानगी असलेलेच आहेत. व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'अमुक नंबर म्हणजे विष' हे मेसेज विसरा. काळजीची गोष्ट त्या आकड्यांत कमी आणि शेजारच्या पोषणाच्या तक्त्यात जास्त आहे. तीन शब्द पाहायचे : सोडियम, संपृक्त चरबी आणि साखर.

मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅम सोडियम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समजा, एखाद्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ७०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे आणि पाकीट ५० ग्रॅमचं आहे. म्हणजे ते संपवल्यावर ३५० मिलिग्रॅम सोडियम पोटात गेलं. दिवसाच्या मर्यादेचा सहावा हिस्सा. घरची भाजी, आमटी, लोणचं, पापड अजून बाकीच आहे. आणि ही मर्यादा मोठ्यांची आहे. लहान मुलांची त्याहून कमी असते.

नव्या चवींबाबत इथेच फसगत होते. गोड-तिखट किंवा आंबट चवीत मीठ जिभेला तितकं जाणवत नाही. खारट लागलं नाही म्हणजे मीठ कमी होतं, असा अर्थ काढता येत नाही. शिवाय '१ सर्व्हिंग' म्हणून जे प्रमाण दिलेलं असतं, ते मोठ्या पाकिटात पाकिटाच्या वजनापेक्षा बरंच कमी असू शकतं.

मग वाद नेमका कशावरून आहे?

ही सगळी माहिती पाकिटावर आहे, पण मागे आहे, बारीक आहे आणि बहुतेकदा इंग्रजीत आहे. ती समोर, एका नजरेत कळेल अशी हवी, ही आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची मागणी आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआयने एक मसुदा काढला. त्यात अर्ध्या तारकेपासून पाच तारकांपर्यंत गुण द्यायची पद्धत सुचवली होती. टीकाकारांचं म्हणणं असं की, तारका बक्षिसासारख्या दिसतात. दीड तारका मिळालेला पदार्थही 'काहीतरी मिळालंय' असाच वाटतो. त्यापेक्षा 'मीठ जास्त', 'चरबी जास्त' असा सरळ इशारा द्यावा. चिली देशात २०१६ पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के असतात, तसा.

हा विषय जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं आणि पुढे ही मुदत वाढवून दिली गेली.

उद्योगांची बाजूही समजून घ्यायला हवी. वेफर्स हे कुणी जेवण म्हणून खात नाही, मग एकाच पदार्थावर धोक्याचा शिक्का कशाला, असं ते विचारतात. वडापाव आणि फरसाण सुट्टं मिळतं, त्यावर तर काहीच छापलेलं नसतं, हाही मुद्दा आहेच. तो चूक नाही. पण वडापाव 'स्पॅनिश' असल्याचा दावा करत नाही आणि त्याची जाहिरात क्रिकेट सामन्याच्या दोन षटकांमध्ये लागत नाही.

सरकारचं धोरण कुठल्या दिशेला आहे?

इथे चित्र गोंधळाचं आहे. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांवर चिंता व्यक्त झाली. पाकिटाच्या पुढच्या बाजूवर कडक लेबल असावं आणि अशा पदार्थांवर जास्त कर लावण्याचा विचार व्हावा, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर आले. पाकीटबंद नमकीन आणि बटाट्याच्या वेफर्सवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला.

कर उतरला हे घरखर्चाच्या दृष्टीने चांगलंच. पण हिशेब केला तर दहा रुपयांचं पाकीट साधारण ९ रुपये ३८ पैशांना मिळायला हवं. इतके सुटे कुणाकडे असतात? अशा वेळी ग्राहकाला फायदा देण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त माल. म्हणजे पाहणी अहवाल सांगतो कमी खा, आणि कराची सवलत हातात ठेवते ती जास्त वेफर्स.

शाळांच्या बाबतीत नियम स्पष्ट आहेत. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. नंतर एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई केली. हा नियम किती पाळला जातो, हे तपासायला अहवालाची गरज नाही. तुमच्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून शंभर पावलं चालून पाहा.

मग नवी चव घ्यायची की नाही?

घ्या की. शनिवारी संध्याकाळी मॅच लावून चौघांत एक पाकीट फोडलं तर काही बिघडत नाही. नवी चव चाखून 'जुनीच बरी होती' म्हणण्यातही मजा असते. फक्त घेताना तीन गोष्टी करता येतील.

एक, जुन्या आणि नव्या चवीच्या पाकिटांवर एका ग्रॅमची किंमत पाहा. दोन, १०० ग्रॅममागचं सोडियम शेजारी शेजारी ठेवून वाचा. हे काम मुलांना दिलंत तर ती तुमच्यापेक्षा लवकर शिकतील. तीन, कुतूहल असेल तर छोटं पाकीट घ्या. नव्या चवीचं 'फॅमिली पॅक' पहिल्याच दिवशी घेतलं की आवडो न आवडो, ते संपवावंच लागतं.

ही तिन्ही कामं आज ग्राहकाला स्वतः करावी लागतात. दुकानात उभं राहून, चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च पाडून. समोरच्या बाजूवर इशारा छापायचं ठरलं, तर वारज्यातला तिसरीतला मुलगाही दोन पाकिटांतला फरक दोन सेकंदांत सांगू शकेल. कंपन्या, सरकार आणि न्यायालय यांच्यात सध्या जे चाललं आहे, ते त्या दोन सेकंदांसाठी आहे.